केडगावचा आठवडा

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. आपल्या घरातला आठवडा असा देवांच्या नावाने वाटलेला असतो. उपवास आपण करायचा आणि घरातल्या बाकीच्यांचा स्वयंपाकही आपणच रांधायचा! रविवार तर सर्वांत कामाचा. सगळे घरी, त्यात धरमतरच्या खाडीची ताजी मासळी आली की ती साफ करण्यापासून भांडी घासेपर्यंत बाईची सुटका नाही.

मैत्रिणींनो, श्रद्धा आणि काम आपल्या आयुष्यात वेगळी नसतातच. पण या दोन्हींचा मेळ घालून बाईला तिच्या पायावर उभं करणारं एक ठिकाण आपल्या महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी उभं राहिलं. पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडिलांनी मुलींना संस्कृत शिकवू नये हा रिवाज मोडला आणि कोलकात्याच्या विद्वानांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ म्हटलं. १८८२ मध्ये पती गेले. पदरात लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनातल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि जवळजवळ तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावात ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार जणींचा आठवडा कसा जात असेल, याची कल्पना गृहिणीलाच येईल! धान्य निवडायचं, दळायचं, भाकऱ्या थापायच्या, धुणी धुवायची, उपाशी-आजारी आलेल्या पोरींना सांभाळायचं.

रमाबाईंचं वेगळेपण असं की नुसती जेवणावळ घालून त्या थांबल्या नाहीत. शाळा होतीच. शिवाय कुणी हातमागावर, कुणी तेलाच्या घाण्यावर, कुणी गोठ्यात, कुणी शेतात, कुणी शिवणकामात. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उभं राहिलं. छापखानाही बायकांचा. साध्या बायकांना समजावं म्हणून रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. ते मुक्तीतच छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्याआधी हे भाषांतर पुरं झालं होतं. रविवारची उपासना आणि एरवीचं हे सारं काम, दोन्ही त्यांच्या लेखी देवाचीच सेवा होती.

त्यांच्या धर्मांतरावरून वाद झाला, आजही होतो. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होणार या भीतीने अनेक पालकांनी त्यांना काढून नेलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मदतीच्या बदल्यात कुणी श्रद्धा मागू नये, असं मलाही ठामपणे वाटतं. पण त्यातल्या कितीतरी जणींना स्वतःच्या घरचा दरवाजा बंद होता, हेही विसरून कसं चालेल? धर्म राखायची काळजी करणाऱ्यांनी आधी पोरीला दोन घास आणि हाताला काम द्यायला हवं होतं, नाही का?

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? पेणच्या कारखान्यांत गणपती रंगवणारे बायकांचे हात, पोह्याचे पापड लाटणारे हात. बाहेरचं काम तरी पैशांत मोजलं जातं. घरचं कुठेच मोजलं जात नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, असं दिसलं, पुरुषाची ८८!

एकटी पडलेली एखादी बाई आपल्या आळीत असतेच. नवऱ्याने टाकलेली, नाहीतर विधवा. तिला साडी, डाळ-तांदूळ देणं चांगलंच. पण तिला शिवण शिकवली, बचत गटात घेतलं, बँकेत तिच्या नावाचं खातं उघडून दिलं, तर पुढच्या वर्षी तिला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. तिची जात नि देव विचारायची गरजच काय?

आणि हो, स्वतःसाठीही एक करून पाहा. येत्या आठवड्याच्या कामांची वारवार यादी लिहा आणि घरातल्यांना वाचून दाखवा. मग रविवारचे दोन तास तुमचे म्हणून मागून घ्या. त्यात देवाचं नाव घ्या, नाहीतर स्वस्थ बसा!