कुणी कुणाची नक्कल केली?

मुखेडला आमच्या मिस्त्रीच्या दुकानासमोर परवा दोन जुन्या स्कूटर शेजारी-शेजारी उभ्या होत्या. एक बजाज चेतक, दुसरी कानपूरची एलएमएल व्हेस्पा. दोन्हींचा पत्रा गोलसर, दोन्हींचे गिअर डाव्या मुठीत, दोन्हींचे इंजिन उजव्या कुशीत. मिस्त्रीचा पोरगा हप्त्यावर घेतलेला मोबाइल खिशात टाकत म्हणाला, "चाचा, सॅमसंगनं ॲपलची नक्कल केली म्हणून अमेरिकेत खटला झाला म्हणे. मग ह्यात कॉपी कोणाची?" तो खटला २०११ मध्ये उभा राहिला आणि २०१८ मध्ये आपसात मिटला. स्कूटरचे प्रकरण त्याहून जुने आणि आपल्या घराजवळचे आहे.

मूळ गाडी इटलीची. पियाजिओ कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा बाजारात आणली. तिचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानियो हे विमानांचे इंजिनिअर. त्यांना मोटारसायकल आवडत नसे. तेलाने कपडे खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी इंजिन पत्र्याखाली झाकले, साखळी काढून टाकली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूच्या दांड्यावर बसवले. पंक्चर झाले तर चटकन निघावे म्हणून. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी.

पुण्याच्या बजाज ऑटोने १९६० च्या सुमारास परवाना घेऊन ही गाडी इथे बनवायला सुरुवात केली. तेव्हा ती नक्कल नव्हती, रीतसर करार होता. १९७१ मध्ये करार संपला आणि सरकारी धोरणामुळे तो वाढवला गेला नाही. पण कारखाना होता, साचे होते, कामगारांचे हात सरावलेले होते. १९७२ मध्ये चेतक आली. अंगाने व्हेस्पाच, नाव मात्र राणा प्रतापांच्या घोड्याचे! पुढे १९८१-८२ मध्ये पियाजिओने अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी अशा देशांत बजाजवर दावे लावले आणि बजाजची निर्यात बरीच घटली. देशात मात्र चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. १९८५ मध्ये आपल्या मराठवाड्यात, वाळूजलाही कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास पियाजिओने कानपूरच्या लोहिया मशीन्सशी हातमिळवणी केली. गंमत अशी, की ही अस्सल घराण्याची व्हेस्पा मुखेडात आली, तेव्हा आमची माणसे तिलाच "बजाजसारखी दिसते" म्हणू लागली. १९८९ च्या 'हमारा बजाज' या जाहिरातीने तर इंजिनाच्या ताकदीचे गुणगान न करता घराघरातली माणसे दाखवली.

मग ही नक्कल म्हणायची की नाही? मी शायरीतला माणूस, मला तरही मुशायरा आठवतो. तिथे एक ओळ आधीच देतात. वृत्त, काफिया, रदीफ सगळ्यांचे एक. शंभर शायर त्याच जमिनीवर गझल लिहितात, कुणी कुणाला चोर म्हणत नाही. पण दुसऱ्याचा आख्खा शेर उचलला, की मागच्या रांगेतला म्हातारा लगेच टोकतो. कायद्याचे गणितही काहीसे असेच आहे. वस्तूच्या रूपाची नोंदणी आपल्या २००० च्या कायद्याप्रमाणे १० वर्षे टिकते, अर्ज केला तर आणखी ५. मग ते रूप सगळ्यांचे. नव्या युक्तीचे पेटंट २० वर्षांचे. नाव आणि चिन्ह यांचा ट्रेडमार्क मात्र दर १० वर्षांनी नूतनीकरण केले तर कायमचा. आणि ज्या आकाराशिवाय काम होतच नाही, तो एकट्याच्या मालकीचा होत नाही. माझ्या मते चेतकच्या देहावर व्हेस्पाचा हक्क सांगता येतो. तिच्यावर लोकांनी टाकलेल्या विश्वासावर येत नाही, तो बजाजने स्वतः कमावला.

पुढे बाजू उलटली. बजाजने पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले. दोन्हीकडून ठिणगी पडली की पेट्रोल लवकर आणि पुरते जळते. याला त्यांनी डीटीएस-आय नाव दिले, पेटंटही घेतले. २००७ मध्ये टीव्हीएसने 'फ्लेम' आणली, तीही दोन प्लगची. आता बजाज म्हणू लागली, आमची नक्कल झाली! टीव्हीएसचे म्हणणे, आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, युक्ती वेगळी आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २००८ मध्ये फ्लेमला मनाई केली, २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, गाडी विका पण हिशेब नीट ठेवा; आणि असे खटले लवकर संपवा. हा वाद २०१९ मध्ये समझोत्याने मिटला. लवकर म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा.

तोवर पियाजिओच महाराष्ट्रात येऊन २०१२ पासून बारामतीत व्हेस्पा बनवू लागली होती. २०२० मध्ये बजाजची चेतक विजेवर धावत परत आली. तिचे पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर पाहून मला दास्कानियो आठवले.

या सगळ्यांवर मी रागावू शकत नाही. माझा राग आहे तो वेगळ्याच नक्कलेवर. आमचे भाईजान शाळामास्तर. बऱ्याच वर्षांपूर्वी कंधारच्या रस्त्यावर त्यांच्या चेतकच्या ब्रेकची केबल तुटली, गाडी नालीत गेली आणि खांद्याचे हाड मोडले. केबल आठवड्यापूर्वीच बदलली होती. डबी घरात होती. रंग तोच, अक्षरांचे वळण तेच, नावातले एक अक्षर तेवढे इकडचे तिकडे. बनवणाऱ्याने आकार बरोबर उचलला होता, तारेचा कस नाही. त्यात शिकणे नव्हते, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ होती. तीन महिने भाईजानना फळ्यावर हात उचलता आला नाही.

मिस्त्रीच्या पोराला हे सांगितले, तेव्हा तो काही बोलला नाही. आत गेला आणि दोन डब्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. "ओळखा," म्हणाला. मी चष्मा लावून दोनदा वाचल्या, तरी चुकलो.