कंसातला देश

आंतरराष्ट्रीय कराराचा अर्धवट मसुदा हाती पडला, तर आधी त्यातले चौकटी कंस बघावेत. ज्या शब्दावर एकमत झालेलं नाही तो शब्द कंसात असतो. कोणता देश तो मागतोय आणि कोणता विरोध करतोय, हे शेजारी देशांच्या आद्याक्षरांनी लिहिलेलं असतं. १३ नोव्हेंबर २०१३ रोजी विकिलीक्सनं ‘ट्रान्स-पॅसिफिक पार्टनरशिप’ म्हणजे टीपीपी कराराचं बौद्धिक संपदेचं प्रकरण असं कंसांसकट जगापुढे ठेवलं. त्यातला एक मुद्दा मला अजून थक्क करतो. लेखक गेल्यानंतर त्याच्या पुस्तकावरचा हक्क किती वर्षं टिकावा? अमेरिकेचा गट म्हणतो, ७०. मेक्सिको म्हणतो, १००. आणि न्यूझीलंड, कॅनडा, जपान, मलेशिया, व्हिएतनाम, ब्रुनेई यांच्या नावानं लिहिलेलं आहे की हे ज्यानं त्यानं आपल्या कायद्यानं ठरवावं.

तेव्हाच्या न्यूझीलंडची लोकसंख्या ४४-४५ लाख, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. या देशाला पुस्तकं, गाणी, चित्रपट यांतून बाहेरून जेवढे पैसे मिळतात, त्याहून जास्त तो बाहेर मोजतो. हक्काची मुदत वाढली की त्याचा तोटाच होणार. मग तो त्या टेबलावर बसतो कशाला? तर दुधाची भुकटी, लोणी आणि कोकराचं मांस विकायला. व्यापार करारात सगळी प्रकरणं एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. लोण्यावरचा आयातकर कमी करून हवा असेल, तर समोरचा म्हणतो, कॉपीराइटच्या पानावर सही करा. कोट्यवधी माणसांच्या बाजारपेठा जिथे बोलतात, तिथे हा एवढासा देश वर्षानुवर्षं काय काय वाचवू शकला, ते पाहण्यासारखं आहे.

या गोष्टीची सुरुवात टीपीपीच्या आधी, ‘अ‍ॅक्टा’ करारापासून होते. नकली माल आणि चोरट्या प्रती रोखण्यासाठी हा करार हवा, असं अमेरिका, जपान, युरोपीय संघ वगैरेंनी ऑक्टोबर २००७ मध्ये जाहीर केलं. अशा विषयासाठी जिनिव्हात दोन जुनी व्यासपीठं होतीच, जागतिक बौद्धिक संपदा संघटना आणि जागतिक व्यापार संघटना. तिथे भारत, ब्राझील, चीन बसतात, प्रश्न विचारतात, अडवतात. म्हणून ही बैठक त्या दोन्ही घरांच्या बाहेर मांडली गेली. जून २००८ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. टेबलाभोवती अकरा पक्ष होते. त्यांत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण कोरिया, मेक्सिको, मोरोक्को, सिंगापूर, स्वित्झर्लंड होते, आणि न्यूझीलंडही. मसुदा गुप्त. नागरिकांना तर नाहीच, पण बहुतेक खासदारांनाही तो दाखवला जात नव्हता.

नेमक्या याच काळात न्यूझीलंडच्या घरात एक भांडण पेटलं होतं. २००८ च्या कॉपीराइट दुरुस्तीत ‘९२ अ’ नावाचं कलम होतं. जो ग्राहक वारंवार हक्कभंग करतो त्याची जोडणी तोडण्याचं धोरण प्रत्येक इंटरनेट कंपनीनं ठेवावं, असं त्यात म्हटलं होतं. हक्कभंग झाला हे कोणी ठरवायचं? कलम त्यावर गप्प होतं. न्यायालय मध्ये कुठेच नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये कलाकार, लेखक, साधे वापरकर्ते यांनी आपापली प्रोफाइल चित्रं काळी केली, संकेतस्थळं काळी केली. सरकारनं आधी कलमाची अंमलबजावणी पुढे ढकलली आणि मार्चमध्ये ते मोडीतच काढलं. या निषेधात कलाकार आघाडीवर होते, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्यांच्या नावानं कायदा केला जात होता, तेच म्हणत होते की आमच्या नावानं हे करू नका.

पुढे एप्रिल २०११ मध्ये त्याच जागी नवा कायदा आला. त्याची रचना बारकाईनं पाहा. तीन नोटिसा, मग कॉपीराइट न्यायाधिकरण, आणि दंडाची कमाल मर्यादा १५,००० डॉलर. शिवाय एक छोटीशी पाचर होती. हक्कधारकानं इंटरनेट कंपनीला नोटीस पाठवायला सांगितलं, तर प्रत्येक नोटिशीमागे कंपनी २५ डॉलरपर्यंत शुल्क घेऊ शकत होती. हजारो माणसांवर आंधळेपणानं नोटिसांचा पाऊस पाडणं त्या शुल्कामुळे परवडेनासं झालं. जानेवारी २०१३ मध्ये पहिला निकाल लागला, तेव्हा दंडाची रक्कम सहाशे डॉलरच्या थोडी वर होती.

‘अ‍ॅक्टा’ची आठवी फेरी एप्रिल २०१० मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला ठरली. यजमान असण्याचा एक फायदा असतो. पाहुणे तुमच्या गावात येतात, आणि गावातली माणसं त्यांच्या दाराशी उभी राहू शकतात. फेरी १२ तारखेला सुरू होणार होती. त्याच्या दोन दिवस आधी, १० एप्रिलला, ‘इंटरनेट एनझेड’ या संस्थेनं त्याच शहरात एक जाहीर परिषद भरवली. आत काय चाललंय ते कुणालाच अधिकृतपणे ठाऊक नव्हतं, तरी वकील, ग्रंथपाल, तंत्रज्ञ, प्राध्यापक एकत्र बसले आणि संध्याकाळपर्यंत ‘वेलिंग्टन जाहीरनामा’ लिहून मोकळे झाले. त्यातल्या मागण्या सरळ होत्या: मसुदा उघड करा, ही चर्चा जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत न्या, जोडणी तोडण्याची शिक्षा नको, ग्रंथालयांच्या आणि अभ्यासकांच्या सवलतींना हात लावू नका. हजारो लोकांनी सह्या केल्या आणि तो कागद सरकारपर्यंत पोचला.

१६ एप्रिलला फेरी संपली, तेव्हा सगळ्या पक्षांनी मिळून निवेदन काढलं. तीन नोटिसा देऊन जोडणी तोडण्याची सक्ती कोणताही पक्ष मागत नाही, असं त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं होतं. प्रवाशांच्या बॅगा आणि फोन तपासायची सक्ती सीमेवरच्या अधिकाऱ्यांवर करण्याचा प्रस्ताव नाही, असंही होतं. आणि पाच दिवसांनी, २१ एप्रिलला, मसुदा अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. सगळं श्रेय वेलिंग्टनला देणं बरोबर होणार नाही. महिनाभर आधी युरोपीय संसदेनं ६३३ विरुद्ध १३ मतांनी पारदर्शकता मागितली होती, आणि तो दट्ट्या मोठा होता. पण दार उघडलं ते वेलिंग्टनमध्ये.

प्रसिद्ध झालेल्या प्रतीत कंस होते, देशांची नावं मात्र गाळलेली. मार्चमध्ये फुटलेल्या प्रतीत ती नावं होती. त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोण काय मागत होतं, ते वाचणाऱ्याला जुळवता येत होतं.

एक वाद तर थेट घरातल्या डीव्हीडीचा होता. अमेरिकेत विकत घेतलेली अस्सल डीव्हीडी दुसऱ्या खंडातल्या यंत्रावर चालत नसे, कारण तिच्यावर प्रदेशाचं कुलूप असे. हे कुलूप तोडणं हा गुन्हा धरायचा का? न्यूझीलंडच्या २००८ च्या कायद्यात याचं उत्तर नाव घेऊन दिलं होतं. बाजारपेठांची भौगोलिक वाटणी करण्यापुरतंच जे कुलूप आहे, त्याला कॉपीराइटचं संरक्षण नाही. पैसे मोजून आणलेली अस्सल तबकडी बघणं ही चोरी नव्हे. बाहेरून कायदेशीर माल थेट आयात करण्याची मुभाही या देशानं १९९८ पासून दिलेली आहे. वाटाघाटीला बसण्याआधी घरचा कायदा असा नेमका लिहिलेला असला की प्रतिनिधीला पाय रोवायला जागा मिळते. छोट्या देशाजवळ सैन्य नसतं, बाजारपेठ नसते, पण नीट लिहिलेलं एक कलम असू शकतं.

भारत या टेबलावर नव्हता, तरी झळ आपल्यालाही लागणारच होती. डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेलं लोसार्टन हे रक्तदाबाचं औषध वाटेत नेदरलँड्समध्ये पेटंटच्या कारणावरून अडवलं गेलं. भारतात ते कायदेशीर होतं, ब्राझीलमध्येही होतं. नुसत्या प्रवासात ते बेकायदा ठरलं. ‘अ‍ॅक्टा’ असलाच प्रकार जगभर रुजवेल, ही भीती भारतानं चीनसोबत जून २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत बोलून दाखवली. करार अंतिम झाला तेव्हा सीमेवरच्या कारवाईतून पेटंट वगळलेलं होतं.

१ ऑक्टोबर २०११ रोजी टोकियोत न्यूझीलंडसह आठ देशांनी सह्या केल्या. जानेवारी २०१२ मध्ये युरोपीय संघानं आणि त्याच्या २२ सदस्य देशांनीही केल्या. त्यात स्लोव्हेनियाही होता, न्यूझीलंडहून लहान. त्याच्या राजदूत हेलेना द्रनोव्शेक झोर्को यांनी सही करून काही दिवसांत आपल्या देशवासीयांची आणि आपल्या मुलांची जाहीर माफी मागितली. काय सही करतेय याकडे आपण पुरेसं लक्ष दिलं नाही, असं त्यांनी लिहिलं. राजदूतानं असं लिहिणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेनं ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार फेटाळला. लागू व्हायला सहा देशांची मान्यता हवी होती. दिली एकट्या जपाननं.

तोवर टीपीपीचं काम जोरात चाललं होतं. या कराराचं मूळ ऐकून आश्चर्य वाटतं. ब्रुनेई, चिली, न्यूझीलंड आणि सिंगापूर या चार छोट्या देशांनी २००५ मध्ये आपापसात एक व्यापार करार केला, आणि त्याचं दप्तर सांभाळायची जबाबदारी न्यूझीलंडकडे आली. मग त्यात अमेरिका शिरली, मागोमाग जपान, कॅनडा, मेक्सिको. चौघांच्या घरात बारा जण झाले आणि घरमालकांनाच जागा आखडून घ्यावी लागली.

७० वर्षांच्या मागणीपुढे अखेर न्यूझीलंड वाकला. व्यापारमंत्री टिम ग्रोसर यांनी २०१५ मध्ये अगदी खरं सांगून टाकलं होतं, की असा करार पार पडायचा तर दोन्ही बाजूंना तीन-चार मेलेले उंदीर गिळावे लागतात. कॉपीराइटची मुदत त्यांतला एक. पण वाकतानाही कसं वाकावं, हे शिकण्यासारखं आहे. मुदत एकदम नको, पहिली आठ वर्षं ६० आणि मग ७०, अशी सवड त्यांनी मिळवली. या वाढीची दीर्घकालीन किंमत सरासरी वर्षाला साडेपाच कोटी डॉलर असेल, हे सरकारनं स्वतः मोजून जनतेला सांगितलं. आणि बियाण्यांच्या वाणांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार जसाच्या तसा स्वीकारण्याऐवजी माओरी लोकांशी १८४० मध्ये झालेल्या वैतांगी तहाला धरून स्वतःची व्यवस्था करायची मुभा राखून ठेवली. बारा देशांच्या करारात एका देशानं आपल्या मूळ रहिवाशांना दिलेला शब्द जपण्यासाठी जागा केली. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत सुंदर वाटतं ते हे.

४ फेब्रुवारी २०१६ रोजी ऑकलंडमध्ये सह्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या संसदेनं ७० वर्षांसकट कायदा मंजूर केला, मात्र करार लागू झाला तरच तो अमलात येणार होता. २३ जानेवारी २०१७ ला अमेरिका बाहेर पडली. मंजूर झालेला कायदा तसाच निजून राहिला. उरलेल्या अकरा देशांनी ८ मार्च २०१८ रोजी चिलीत नवी आवृत्ती मान्य केली आणि अमेरिकेनं लादलेल्या २२ तरतुदी स्थगित ठेवल्या. त्यांत ७० वर्षांची अट होती, डिजिटल कुलपांचीही. त्या खोडलेल्या नाहीत, सगळे सहमत झाले तर पुन्हा जाग्या होतील. त्या कराराचं दप्तरही वेलिंग्टनमध्येच आहे.

हा विजय टिकाऊ नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनशी करार झाला, त्यात १५ वर्षांत ७० वर जायचं वचन दिलं गेलं. जुलै २०२३ मध्ये युरोपीय संघाशी झालेल्या करारात तीच सवड चार वर्षांवर आली. तो १ मे २०२४ पासून लागू आहे, म्हणजे ही सवड २०२८ मध्ये संपते. मोबदल्यात किवी फळं, वाइन, कांदे यांच्यावरचे युरोपातले कर पहिल्या दिवसापासून उतरले. पुस्तकांवरची २० वर्षं फळांच्या बदल्यात गेली. तरी २०१३ पासून पुढची दीडेक दशकं हा देश ती वर्षं रोखून धरू शकला. माझ्या मते एवढ्या आकाराच्या देशासाठी ती फार मोठी कामगिरी आहे.

ही वर्षं कागदावरची नाहीत. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. भारतात मुदत ६० वर्षांची असल्यामुळे त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुली झाली, आणि ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतं, स्वस्तात विकू शकतं. मुदत ५० वर्षांची राहिली असती तर हे २००१ मध्येच झालं असतं. ७० असती तर २०२१ पर्यंत थांबावं लागलं असतं. आपली मुदत ५० वरून ६० झाली ती रवींद्रनाथ ठाकूरांचं साहित्य १९९१ अखेर खुलं होणार म्हणून, आणि ते आपल्याच संसदेनं ठरवलं. पुढचा आकडा मात्र एखाद्या व्यापार कराराच्या मधल्या पानावर ठरू शकतो. भारत हल्ली एकामागून एक असे करार करतो आहे. त्यांच्या बातम्यांत मोटारी, व्हिस्की आणि व्हिसा एवढंच येतं. बौद्धिक संपदेचं प्रकरण स्वतः उघडून वाचा, आणि वाटाघाटी चालू असतानाच आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा की लेखकाच्या मृत्यूनंतर किती वर्षं, याबद्दल आपल्या बाजूनं काय मागितलं जातंय.