बालवाडीवरचा खर्च : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘तीन वर्षांच्या पोराला शिकवायचं काय? खाऊन-खेळून घरी येतं.’ अंगणवाडीबद्दल हे सर्रास ऐकू येतं. उलट, शहरातले पालक ज्युनियर केजीतच वह्या भरून घेणाऱ्या शाळेसाठी रांगा लावतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी झालेल्या एका प्रयोगाने या दोन्ही समजांना धक्का दिला.

१९६२मध्ये डेव्हिड वायकर्ट यांनी तिथल्या पेरी शाळेत तो सुरू केला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं टप्प्याटप्प्याने निवडली. त्यांतली ५८ बालवर्गात आली, ६५ आली नाहीत. वर्ग रोज सकाळी अडीच तास भरायचा आणि शिक्षिका आठवड्यातून एकदा मुलाच्या घरी जाऊन आईसोबत दीड तास बसायची. गिरवण्यावर भर नव्हता. आज काय करणार हे मुलाने आधी सांगायचं, मग ते करायचं आणि शेवटी काय झालं ते इतरांना सांगायचं, असा दिनक्रम होता.

‘फायदा म्हणजे मूल हुशार होणं.’ आधी तसंच वाटलं, कारण बुद्ध्यांक झपाट्याने वाढला. पण मुलं आठ-दहा वर्षांची होईपर्यंत तो फरक जवळपास पुसला गेला. अभ्यास तिथेच थांबला असता, तर बालवाडीवरचा खर्च वाया गेला असाच निष्कर्ष निघाला असता. संशोधकांनी मात्र या मुलांचा पिच्छा चाळिशीपर्यंत सोडला नाही. बालवर्गात न गेलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना पाच किंवा अधिक वेळा अटक झाली होती. गेलेल्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्के होतं. वर्षाला २० हजार डॉलरहून जास्त कमावणारे अनुक्रमे ४० आणि ६० टक्के. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांच्या मते यातला मोठा वाटा पाठांतराचा नव्हे, तर वागणुकीतल्या बदलाचा आहे.

‘कुठलीही बालवाडी काढा, पैसे वसूल.’ हेकमन आणि सहकाऱ्यांनी पेरीचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढला. हा आकडा भाषणांत फार फिरतो. तो प्रशिक्षित शिक्षकांच्या, पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका असलेल्या छोट्या, महागड्या प्रयोगाचा आहे, हे मात्र सांगितलं जात नाही. टेनेसी राज्याच्या सरकारी बालवर्गांचा अभ्यास जवळपास ३,००० मुलांवर झाला. सोडतीत प्रवेश मिळालेली मुलं सहावीपर्यंत परीक्षांत आणि शिस्तीतही इतरांपेक्षा मागे पडलेली दिसली. माझ्या मते हा अभ्यास पेरीइतकाच गाजायला हवा.

‘हे श्रीमंत देशांचे चोचले.’ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि मग कोसबाडला गरीब, आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी भरवली, ती पेरीच्या आधी. आणि अलीकडचा भक्कम पुरावा तर तमिळनाडूचा आहे. अंगणवाडीताईच्या मागे रजिस्टरं, पोषण आहार, वजनं, लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी एवढं लागलेलं असतं की शिकवायला सवडच उरत नाही. म्हणून ३२० अंगणवाड्यांच्या अभ्यासात त्यांतल्या निम्म्या ठिकाणी फक्त पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ जास्तीची एक ताई नेमली गेली. प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारलं. मूळच्या ताईला उसंत मिळाल्याने तीव्र कुपोषण आणि खुंटलेली वाढही कमी झाली. संशोधकांच्या हिशेबाने दीर्घकालीन फायदा खर्चाच्या १३ ते २१ पट होता. हा अर्थात अंदाज आहे, हातात आलेली रक्कम नव्हे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत अंगणवाडीच्या रंगरंगोटीचा विषय निघाला, तर आधी एवढं विचारा : ताईंना मुलांसोबत बसायला रोज किती वेळ मिळतो?