इतिवृत्तात कोण बोललं?

शांततेच्या कामात इंटर्नच्या वाट्याला पहिलं काम येतं ते खोल्या वाटण्याचं. नेपाळच्या तराईतल्या एका महिला शिबिराआधी आमच्या वरिष्ठ दीदींनी नावांची यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आधी गावं बघ. मग कोणाचं कोण गेलंय आणि कोणी नेलंय ते बघ. पलंग त्यानंतर मोज." त्या यादीत लष्कराने उचलून नेलेल्या माणसांच्या बायका होत्या, माओवाद्यांनी नेलेल्यांच्याही होत्या. शिवाय 2012 मध्ये माओवाद्यांच्या छावणीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेल्या माजी लढवय्या होत्या. चुकीच्या दोघी एका खोलीत आल्या असत्या, तर रात्रीतून निम्मं शिबिर गावी परतलं असतं. ती यादी करायला मला अख्खा दिवस लागला, आणि आजही मला ते काम छोटं वाटत नाही.

1996 ते 2006 या दहा वर्षांच्या सरकार-माओवादी संघर्षात नेपाळमध्ये 13,000 हून अधिक माणसं गेली आणि हजारावर बेपत्ता झाली. बेपत्तांची संख्या सर्वांत मोठी होती ती बर्दिया जिल्ह्यात, आणि त्यात थारू समाजाची माणसं जास्त. संयुक्त राष्ट्रांनी पडताळणी केलेल्या 19,602 माओवादी लढवय्यांमध्ये 3,846 बायका होत्या, म्हणजे जवळपास पाचात एक. पण 21 नोव्हेंबर 2006 च्या शांतता करारावर सह्या झाल्या त्या दोन पुरुषांच्या. अंतरिम राज्यघटनेचा मसुदा करायला नेमलेल्या समितीतही आधी सगळे पुरुषच होते. बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तिथे त्यांना जागा मिळाली. पुढे 2008 च्या संविधान सभेत 601 पैकी 197 बायका बसल्या, हे त्या रेट्याचं फळ. सुरक्षा परिषदेच्या 2000 सालच्या 1325 क्रमांकाच्या ठरावावर नेपाळने 2011 मध्ये राष्ट्रीय कृती योजना आणली. त्यापाठोपाठ निधी आला, प्रकल्प आले आणि प्रकल्पांबरोबर आमच्यासारख्या इंटर्न आल्या.

मराठीची आणि नेपाळीची लिपी एकच असल्यामुळे नेपाळी कागद मला पहिल्या आठवड्यापासून वाचता येत होते. पण समोरच्या बायका थारू बोलत होत्या, आणि तिथे माझं काहीच चालत नव्हतं. तिथे चालत होतं ते आमच्यातल्या एकीचंच. ती त्याच भागातली थारू मुलगी, नुकतीच बारावी झालेली. तिची निवड सहज झाली नाही. जाहिरातीत अस्खलित इंग्रजी आणि पदवी मागितली होती, मानधनाचा पत्ता नव्हता. दीदी भांडल्या म्हणून अट शिथिल झाली आणि थोडंफार मानधन सुरू झालं. ते नसतं तर ती आलीच नसती, कारण ती शिबिरात बसली की घरात एका माणसाची मजुरी बुडत होती.

जिल्ह्याजिल्ह्यात तेव्हा स्थानिक शांतता समित्या होत्या. त्यात एकतृतीयांश बायका असाव्यात असा नियम होता, आणि कागदावर त्या असायच्याही. आम्ही ज्या समितीचं काम बघत होतो तिथे बैठक सकाळी साडेदहाला बोलावली जायची आणि लांबच्या गावांची बस बाराला पोचायची. बायका येईपर्यंत चर्चा उरकलेली असे. राहायची ती वहीवरची सही, कारण गणसंख्या भरायची असे. बैठक एक वाजता घ्या, असं आमच्या थारू मुलीने दोनदा तोंडी सांगून पाहिलं. मग तिने बसचं वेळापत्रक स्वच्छ अक्षरात लिहून आमंत्रणाच्या प्रत्येक प्रतीला टाचलं. पुढची बैठक एक वाजता झाली.

त्या बैठकीत एका बाईने विचारलं, "जमीन माझ्या नावावर करायला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणा म्हणतात. तो मेला असं मी माझ्या हाताने का लिहून देऊ?" खोलीत कोणी काही बोलेना. इतिवृत्ताचा मसुदा आला तेव्हा त्यात एकच ओळ होती: महिला सदस्यांनीही आपली मते मांडली. आमच्या मुलीने स्वतःची वही उघडली, तो प्रश्न बाईच्या शब्दांत, खाली नेपाळीसह, सचिवांसमोर ठेवला आणि हा असाच घ्या म्हणाली. बराच वेळ वाद झाला. शेवटी प्रश्न इतिवृत्तात जसाच्या तसा गेला, त्या बाईच्या नावासकट. मी पुढे अनेक परिषदा पाहिल्या, पण बायकांचा सहभाग म्हणजे काय ते मला त्या टेबलाशी कळलं.

याच बायकांपैकी काही लाल पोते, म्हणजे सौभाग्याची मण्यांची माळ, घालायच्या आणि सिंदूर लावायच्या. नवरा बेपत्ता आहे, मेलेला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. गाव नावं ठेवायचं. आमच्या नोंदणी अर्जात 'विवाहित' आणि 'विधवा' असे दोनच रकाने होते, तेव्हा त्या दोन्ही कोरे सोडायच्या. ते कोरेच राहू द्यायचे असं ठरलं. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते हे कोरे रकाने.

आणि खोल्यांचं काय झालं? माओवाद्यांनी नेलेल्या एका माणसाची बायको आणि एक माजी लढवय्यी, या दोघींना मी मुद्दाम दोन टोकांना ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलांच्या नागरिकता प्रमाणपत्राचा विषय निघाला. लढवय्यीने छावणीत दुसऱ्या जातीत लग्न केलं होतं. नवरा सोडून गेला आणि सासरचे त्याचे कागद देईनात. बेपत्ताच्या बायकोचंही तेच, कागद दिरापाशी. बापाच्या कागदांशिवाय दोघींच्या मुलांचा अर्ज पुढे सरकत नव्हता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही, पण दोघींची मागणी आम्ही एकाच निवेदनात लिहिली आणि दोघींनी त्यावर अंगठा दिला. त्यांची मैत्री झाली असं मी सांगणार नाही. ती झाली नाही.

पीडित कुटुंबांसाठीच्या अंतरिम मदतीत बलात्कार सोसलेल्या बायकांना जागाच नव्हती. 2015 मध्ये संघर्षातल्या अत्याचारांची चौकशी करणारा सत्य निरूपण आयोग आला आणि त्याच्याकडे 60,000 हून अधिक तक्रारी जमल्या, पण त्यात लैंगिक हिंसेच्या जेमतेम 300 च्या आसपास. असं काही बाई अनोळखी पुरुष कारकुनापुढे, परक्या भाषेत, कशी बोलेल? 2024 च्या ऑगस्टमध्ये आयोगाचा कायदा दुरुस्त झाला आणि या बायकांना पुन्हा तक्रार देण्याची संधी मिळाली. या तक्रारी लिहून घ्यायला थारू, मैथिली, तामाङ बोलणाऱ्या मुली हव्यात, त्याच गावांतल्या, आणि मानधन देऊन नेमलेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप वर्षानुवर्षं बिनपगारीच राहिली आहे. तिथे पोचते ती ज्या घराला परवडतं त्या घरची मुलगी. आमची थारू मुलगी आज शिबिरांची आणि बैठकांची तीच कामं करते, पण आता ती मुलींच्या निवडीलाही बसते, आणि जाहिरातीतली इंग्रजीची अट तिने सगळ्यात आधी काढून टाकली.