वाकडी बोटे आणि वेळीच इलाज

कामगाराची मत्ता कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही त्याचे दोन हात दाखवू. जमीन नसली, घर भाड्याचे असले, तरी हात शाबूत आहेत तोवर माणूस चार घास मिळवून खातो. म्हणून हाताच्या आजारांची माहिती डॉक्टरांपुरती राहू नये. ती कामगारांच्या संघटनांना, त्यांच्या घरच्या माणसांना आणि गावातील सर्व सुजाण लोकांना असली पाहिजे, असे आमचे मत आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. जाणकारांस विचारून, मिळतील ती पुस्तके वाचून आणि आजारी माणसांबरोबर दवाखान्यांच्या पायऱ्या चढून जे समजले, तेवढेच येथे मांडीत आहोत.

विषय आहे वाकणाऱ्या बोटांचा. बोट वाकडे झाले की आपल्याकडे ‘वात आला’, ‘शीर आखडली’ असे म्हणून तेल चोळण्यात महिने जातात. परंतु बोटे वाकण्याची कारणे निरनिराळी आहेत आणि प्रत्येकाचा इलाजही वेगळा आहे. तेव्हा प्रथम ओळख पटली पाहिजे.

एक प्रकार म्हणजे बोट अडकणे. सकाळी उठल्यावर बोट मिटलेले राहते आणि सरळ करू गेल्यास खटका दाबल्यासारखे एकदम उघडते. स्नायूला हाडाशी जोडणारी जी दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. ही कंडरा ज्या नळीतून सरकते ती अरुंद झाली म्हणजे असे होते. विश्रांती, सुईने दिलेले औषध किंवा लहानशी शस्त्रक्रिया यांनी हा आजार बरा होतो.

दुसरा प्रकार फ्रेंच शल्यवैद्य द्युपुइत्राँ यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १८३१ साली पॅरिसमध्ये त्यावर शस्त्रक्रिया करून व्याख्यान दिले होते. यात तळहाताच्या कातडीखालचा पडदा जाड होतो, त्याची दोरी बनते आणि ती अनामिका व करंगळी हळूहळू आत ओढून घेते. हा आजार उत्तर युरोपातील वयस्क पुरुषांत अधिक दिसतो. आपल्याकडे कमी, पण मधुमेह असणाऱ्यांत आढळतो. तळहात टेबलावर पालथा ठेवावा. तो सपाट बसेनासा झाला की डॉक्टरांकडे जावे. सुईने दोरी तोडणे किंवा कातडी उघडून ती काढून टाकणे, हे त्याचे मुख्य इलाज होत.

या दोन्ही प्रकारांत बोटांची संवेदना शाबूत असते. चटका बसला तर कळतो, काटा रुतला तर कळतो. तिसऱ्या प्रकारात बोटे तर वाकतातच, शिवाय ती बधिर होतात. हा लेख मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. कारण आपल्या महाराष्ट्रात त्याचा इतिहास मोठा आहे आणि आजही त्याच्या भीतीने लोक हात लपवितात. कुष्ठरोगात नस दुखावल्याने वाकणारी ही बोटे होत.

ती कशी वाकतात ते पाहू. कोपराच्या आतल्या बाजूस हाडाजवळ काही लागले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सर्वांना आहे. तेथून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. करंगळीला व अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देणे आणि तळहातातील बारीक स्नायूंना चालविणे, ही तिची कामे. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातील थंड जागा मानवतात, म्हणून कातडीजवळच्या नसा त्याच्या तडाख्यात सापडतात. नस सुजते, दबते आणि तिचे काम बंद पडते. मग तळहातातील बारीक स्नायू सुकतात, अंगठा व तर्जनी यांच्यामधील मांसल भागाला खळगा पडतो, आणि बोटे मुळाशी मागे ताठून पुढच्या सांध्यांत आत वळतात. हाताला घारीच्या पंजाचे रूप येते. मनगटाजवळची दुसरी नसही गेली तर अंगठाही निकामी होतो. मग सदऱ्याचे बटण लागत नाही, भाकरीचा घास नीट धरता येत नाही, नट फिरविता येत नाही.

या आजारात बोटे सडून गळतात, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती खोटी ठरविण्याचे मोठे काम डॉ. पॉल ब्रँड यांनी केले. ते १९१४ साली दक्षिण भारतातच जन्मले आणि १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यवैद्य म्हणून आले. तेथून चिंगलपेटच्या कुष्ठरुग्णालयात गेले असता त्यांनी एका रुग्णाच्या वाकड्या बोटांत आपला हात दिला आणि दाबावयास सांगितले. पकड इतकी घट्ट होती की त्यांना वेदना झाली. याचा अर्थ उघड होता : तळहातातील स्नायू मेले होते, पण बाहूतील स्नायू जिवंत व बलवान होते. मग त्यांतील एखादा स्नायू मेलेल्याच्या जागी कामाला का लावू नये? या विचारातून १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला वाकडी बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. बोटे झडण्याचे कारणही त्यांनी शोधले. वेदना कळत नाही म्हणून माणूस गरम भांडे तसेच धरतो, जखम असताना काम करीत राहतो, रात्री झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी जागा होत नाही. बोटे झडतात ती अशा न कळलेल्या, न जपलेल्या जखमांनी.

महाराष्ट्रात हे काम डॉ. नोशीर अंतिया यांनी पुढे नेले. इंग्लंडात प्लॅस्टिक सर्जरी शिकून आलेल्या या शल्यवैद्याने १९५० च्या दशकात पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात हातांच्या व चेहऱ्यांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शास्त्राचा विभाग उभा केला. त्याआधीही आपल्याकडे सेवेची परंपरा होतीच. मुंबईस वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० चे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम काढले. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले. तेथे वाकड्या बोटांच्या माणसांनी शेती केली, विहिरी खणल्या, यंत्रमाग चालविले. हात अधू झाला म्हणजे माणूस निकामी झाला, हे म्हणणे त्यांनी श्रमानेच खोडून काढले.

आता इलाजाकडे वळू. इलाजाच्या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीची आपली वेळ आहे. ही गोष्ट ध्यानी ठेवली तर बाकीचे समजणे सोपे जाते.

पहिली पायरी जंतू मारण्याची. १९४० च्या दशकात डॅप्सोन हे औषध आले. परंतु एकाच औषधाला जंतू दाद देईनात, म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. आज रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळतात आणि आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात. गोळ्या सुरू होताच थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचे थांबते. शिवाय बहुसंख्य लोकांच्या अंगी या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसताच जो माणूस ही पायरी चढतो, त्याची बोटे बहुधा वाकतच नाहीत.

दुसरी पायरी नस वाचविण्याची. गोळ्या चालू असताना, कधी त्या संपल्यावरही, नस एकाएकी सुजते. कोपर दुखते, करंगळी बधिर होते, पकड ढिली पडते. कित्येकदा तर काहीच न दुखता नस कमजोर होत जाते. अशा वेळी प्रेडनिसोलोन हे सूज उतरविणारे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे, हळूहळू मात्रा कमी करीत द्यावे लागते. नस बिघडून सहा महिने झाले नसतील तर ती पुन्हा कामाला लागण्याची आशा चांगली असते. पुढे ती झपाट्याने कमी होते. आमच्या मते सर्वांत अधिक हात याच सहा महिन्यांत गमावले जातात. कारण दुखत नाही म्हणून माणूस कामाला जात राहतो.

तिसरी पायरी घरच्या घरी करावयाची आहे. नस गेली, बोटे वाकली, तरी सांधे मऊ राहिले पाहिजेत. त्यासाठी हात पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवावा, पुसून तेल लावावे, मांडीवर ठेवावा आणि दुसऱ्या हाताने बोटे एकामागून एक हलकेच सरळ करावीत. हे दररोज दोन-तीन वेळा करावे. रात्री बोटांना पट्टीचा आधार बांधता येतो. आखडलेली बोटे प्लास्टरच्या नळकांड्यांनी टप्प्याटप्प्याने सैल करता येतात. यात खर्च जवळजवळ नाही, चिकाटी मात्र हवी. ज्याची बोटे लाकडासारखी ताठ झाली, त्याला पुढच्या पायरीचा पुरता लाभ मिळत नाही.

चौथी पायरी शस्त्रक्रियेची. प्रत्येक बोट वाकविण्यासाठी हातात दोन कंडरा असतात. एकीवर काम भागते. म्हणून दुसरी सोडवून, तिच्या फाकी करून त्या बोटांच्या बाजूंना जोडतात. कधी मनगटाचा किंवा बाहूचा एखादा स्नायू यासाठी वापरतात. मग तीन-चार आठवडे प्लास्टर आणि त्यानंतर तितकाच काळ व्यायाम. जो स्नायू कालपर्यंत एक काम करीत होता त्याला नवे काम शिकवावयाचे असते. कामगाराला एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेल्यासारखेच ते आहे. सर्वसाधारणपणे औषधाचा क्रम संपलेला, नस निदान सहा महिने शांत राहिलेली आणि लकवा वर्षभर स्थिर झालेला असावा लागतो. सरकारी कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया फुकट होते आणि त्या काळात बुडणाऱ्या मजुरीपोटी रुग्णाला अनुदानही मिळते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगत आहोत.

शस्त्रक्रियेने काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. बोट सरळ होते, पकड येते, पण गेलेली संवेदना परत येत नाही. म्हणून ज्याचा हात बधिर आहे त्याने डोळ्यांनी हात राखावा. तव्याला फडके लावावे, हत्यारांच्या मुठी जाड व मऊ करून घ्याव्यात, विडी बोटांत जळू देऊ नये आणि दररोज संध्याकाळी हात दिव्याखाली धरून फोड किंवा चीर आहे काय हे पाहावे.

इतके इलाज असताना हात वाया का जातात? याचे उत्तर औषधांच्या कपाटात सापडणार नाही. ते फाटकावर आणि चाळीत आहे. नगर-पुणे रस्त्यावरील आमच्या सुप्यास औद्योगिक वसाहत झाली. दूरदूरची माणसे येथे कंत्राटावर कामाला येतात आणि खोलीत चार-पाच जण मिळून राहतात. अशा माणसाला अंगावर चट्टा दिसला तर तो पहिला विचार नोकरीचा करतो, दुसरा खोलीचा. सांगितले तर दोन्ही जातील, या भयाने तो बाही खाली ओढतो. जंतूचे काम त्याचे भय पुरे करते.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये हा रोग दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे जाहीर केले. त्यावरून तो संपला अशी समजूत झाली. वस्तुतः नवे रुग्ण आजही सापडतात. कायदा मात्र आता बराच सुधारला आहे. रुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा जुना कायदा २०१६ साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली कायद्यातून काढले गेले. कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ई. एस. आय. मध्ये, दीर्घ आजारांच्या यादीत कुष्ठरोग आहे. अटी पुऱ्या करणाऱ्या विमेदारास साध्या आजारपणाच्या रजेहून अधिक काळ पगाराचा मोठा हिस्सा मिळू शकतो. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी या तरतुदी पाठ कराव्यात. आजारी माणसाला ‘तुझी नोकरी जाणार नाही, आम्ही पाहतो’ एवढे वाक्य खात्रीने ऐकविता आले, तर तो सहा महिन्यांच्या आत दवाखान्यात जाईल.

राहता राहिली परीक्षा. ती घरी करता येते. दोन्ही तळहात उताणे ठेवून करंगळ्या बाजूला फाकाव्यात; कोणी हलकेच आत दाबले असता एक बाजू हार खाते काय, ते पाहावे. करंगळी व अनामिका यांत कागद धरून दुसऱ्याने ओढावा. तो सहज सुटतो काय? डोळे मिटून टाकाच्या टोपणाचा हलका स्पर्श करवून घ्यावा, कळतो काय? यांत उणे आढळले म्हणजे कुष्ठरोगच आहे असे मुळीच नाही. मधुमेहाने, मार लागल्याने किंवा कोपर सतत टेकून काम केल्यानेही नस दबते. पण उणे आढळले की प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि हात उघडा करून दाखवावा. शेजाऱ्याच्या हातात असे काही दिसले तर त्याच्याबरोबर जावे. एकटा माणूस दवाखान्याच्या दारातून परत फिरतो. सोबत कोणी असले की आत जातो.