टोळी आलीच नव्हती

मुलं पळवून किडन्या काढणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, हे जून २०१८ मध्ये खानदेशात ज्याला-त्याला ठाऊक होतं. कुणाचं मूल गेलं, असं विचारलं की बोट पलीकडच्या गावाकडे. पलीकडच्या गावाचं बोट आणखी पलीकडे.

पुरावा मोबाइलवर होता. ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह. फोटो खरे होते, पण सीरियातले. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळ झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातले. मोटारसायकलवरून पोरगं उचलून नेणारी क्लिप तर कराचीत बनलेली, पालकांना सावध करणारी जाहिरात. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढाच भाग कुणीतरी कापला होता.

राहिला किडनीचा प्रश्न. रक्तगट जुळवावा लागतो, ऊती जुळवाव्या लागतात, काढलेली किडनी बर्फात ठेवली तरी साधारण दीड दिवसात बसवावी लागते. हे काम जीपमध्ये होत नाही. किडनीचा काळाबाजार आहे, नाही असं नाही. पण त्याला ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टर लागतात, आणि त्यात सापडतात ते बहुधा कर्जात बुडालेले प्रौढ.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठेचून मारलं. मारणाऱ्यांच्यातच चित्रीकरण करणारे होते. पुढे पोलिसांना आरोपींची ओळख पटवायला तेच व्हिडिओ उपयोगी पडले. पळवलेलं मूल मात्र एकही निघालं नाही. त्याच रात्री शेजारच्या मालेगावात असंच एक कुटुंब जमावाच्या हाती लागलं होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं.

‘हे सगळं व्हॉट्सअॅपने केलं’ हाही अर्धाच खरा समज. मोबाइलने वेग दिला, गोष्ट जुनी होती. पुलाच्या पायाला नरबळी लागतो, म्हणून पोरं धरतात, असं सांगून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलांना घरात बसवलं आहे. २०१९ मध्ये बांगलादेशात पद्मा नदीवरच्या पुलासाठी मुंडकी लागतात, अशी आवई उठली आणि जमावाने माणसं मारली. पूल नवा, मोबाइल नवा, गोष्ट तीच.

खुनी सापडला नाही म्हणून दंतकथा होते, असंही म्हणतात. मुंबईत ते खरं ठरलं. १९८० च्या दशकात सायन-किंग्ज सर्कल परिसरात फुटपाथवर झोपलेल्यांची डोकी दगडाने ठेचणारा ‘स्टोनमॅन’ कधीच सापडला नाही. पण गप्पांत त्याला खुशाल रमण राघव या आधीच्या खुन्याचं नाव लावतात. रमण राघव १९६८ मध्येच पकडला गेला होता आणि १९९५ मध्ये मरेपर्यंत कैदीच होता. खुन्याची जागा रिकामी राहिलेली लोकांना सोसत नाही. मुंबईत त्या जागी आधीचा कैदी बसवला. राईनपाड्यात तर त्याआधी कुठला खूनच झाला नव्हता, तरी खुनी हवा होता. मग परगावचे, अनोळखी पाच जण बसवले.

‘पण पोलिसांच्या आकडेवारीत अपहरणं दिसतात की!’ हा युक्तिवाद शिकलेल्यांचा, म्हणून जास्त चिवट. दिसतात, कारण १८ वर्षांखालचं कुणीही बेपत्ता झालं की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. आदेश योग्यच, तपास पहिल्या दिवसापासून सुरू होतो. मात्र बापाशी भांडून सुरतेची गाडी पकडणारा सोळा वर्षांचा मुलगा आणि प्रियकराबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी, दोघंही त्याच रकान्यात मोजली जातात. मूल खरंच दिसेनासं झालं तर ११२ किंवा १०९८ वर फोन करायचा. गुन्हा नोंदवायला चोवीस तास थांबावं लागतं, हा आणखी एक गैरसमज.