उमरग्याच्या बाजारातला चारमिनार

उमरग्याच्या बाजारात दोन रुपये ओळखले जात, निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. तालुका हैदराबाद संस्थानात, सोलापूर मात्र इंग्रजी मुलखात. धान्य विकून हाली हाती येई आणि सोलापूरचं कापड घ्यायचं तर कलदार मोजावा लागे. सहा कलदारांना सात हाली, हा हिशेब लहान पोरालाही पाठ.

तो दर चांदीतून आलेला वाटतो. हाली रुपयाचं वजन 11.178 ग्रॅम, त्यात चांदी शेकडा 81.8. कलदार 11.66 ग्रॅमचा आणि शेकडा 91.67 चांदीचा. म्हणजे एकात सुमारे 9.14 ग्रॅम शुद्ध चांदी, दुसऱ्यात 10.69. सातास सहा हेच प्रमाण निघतं! पुढे 1940 मध्ये इंग्रजांनी कलदारातली चांदी निम्म्यावर आणली आणि गावाकडच्या गाठोड्यातला जुना हाली नव्या कलदारापेक्षा कसाला सरस ठरला. ज्यांनी तो तेव्हा मोडला नाही, त्यांच्यामुळेच आज आपल्याला तो पाहायला मिळतो.

हाली रुपयावर चारमिनार आला तो निजाम महबूब अलींच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. संग्राहक आधी त्याची कमान पाहतात. तिथे मीम हे उर्दू अक्षर असेल तर नाणं महबूब अलींचं, ऐन असेल तर 1911 ला गादीवर आलेल्या उस्मान अलींचं. मग हिजरी साल, मग झीज. 1918 पासून नोटाही निघाल्या आणि त्यांवर उर्दू, तेलुगू, कानडीबरोबर मराठीतही किंमत छापलेली असे.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. 1950 मध्ये भारतीय रुपया इथे रुजू झाला, 1959 मध्ये हाली कायमचा बाद झाला. त्यानंतर त्याला उरला तो चांदीचा भाव. 1980 च्या सुमारास चांदी जगभर भडकली, तेव्हा आणि नंतरच्या प्रत्येक तेजीत असे रुपये सराफाच्या मुशीत गेले. तोळ्यामागे मिळालेल्या पैशापेक्षा हे नुकसान फार मोठं आहे, कारण सीमेवरच्या बाजाराचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

वाचले ते दोन ठिकाणी. लक्ष्मीपूजनाच्या तबकात आणि तांड्यावरच्या बंजारा बायांच्या गळ्यात. दागिन्यातल्या रुपयाला वर कडी डाखलेली असते. बाजारात अशा नाण्याची किंमत पडते, म्हणून काहीजण कडी कापून डाग घासून टाकतात. मला मात्र संग्रहात कडीवालाच रुपया आधी हवा. टांकसाळीतून कोरा निघालेला रुपया पाहायचा तर हैदराबादला सैफाबादच्या टांकसाळीत 2022 पासून संग्रहालय आहे. कडीचा रुपया इथल्याच माणसांनी वापरलेला, अंगावर मिरवलेला आहे. तो चिंच-राखेने उजळू नये, कडी काढू नये, आणि कोणाच्या घरातून आला ते कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवावं.